गप्प बसणारं पोर

श्रोतेहो, सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू ऐकू येते. तेलंगणातून मागावर कामाला आलेल्या पद्मशाली कुटुंबांची ही भाषा. तिकडे अक्कलकोटकडे कन्नड. अशा घरचं पोर मराठी शाळेत गप्प बसलं, की आपण त्याला मठ्ठ ठरवून मोकळे होतो! वास्तविक, शब्द चुकला तर सगळे हसतील, ही त्याची धास्ती असते. ती मनात मुरली, की पोर शाळेचं नावच काढीना. तेव्हा गुरुजी, हसणाऱ्यांना आवरा. त्याच्या भाषेतले चार शब्द त्याच्याकडूनच शिका. आणि आईबापहो, तरीही उदासी हटली नाही, तर २०२२ साली सुरू झालेल्या 'टेली-मानस'च्या १४४१६ क्रमांकावर बोला. पैसे पडत नाहीत, तेलुगू-कन्नडही चालते.