संगणकाला न दिसलेला वेढा

मार्च २०१६ मध्ये सोल येथे 'अल्फागो' या आज्ञावलीने दक्षिण कोरियाचा दिग्गज खेळाडू ली सेडोल याला चार विरुद्ध एक असे हरविले, तेव्हा 'गो' या प्राचीन चिनी पटखेळात माणसाचे दिवस संपले, असे बहुतेकांनी गृहीत धरले. मात्र फेब्रुवारी २०२३ मध्ये केलिन पेल्रिन या अमेरिकी हौशी खेळाडूचा पराक्रम जाहीर झाला. व्यावसायिक खेळाडूंनाही सहज नमविणाऱ्या 'काटागो' या आज्ञावलीला त्याने १५ पैकी १४ डावांत हरविले होते. तेही डावात संगणकाची कोणतीही मदत न घेता!

गोचा पट १९ उभ्या आणि १९ आडव्या रेषांचा. त्यांच्या ३६१ छेदबिंदूंवर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या आळीपाळीने मांडायच्या. मांडलेली सोंगटी हलत नाही. मात्र एखाद्या समूहाला लागून असलेले सारे मोकळे बिंदू शत्रूने व्यापले, की तो समूह पटावरून उचलला जातो. नियम एवढे सोपे, पण शक्यता अगणित. त्यामुळेच बुद्धिबळात जगज्जेत्याला हरविल्यानंतरही जवळजवळ दोन दशके संगणक येथे चाचपडत होता. 'ग्नू गो' ही जुनी मुक्त आज्ञावली माणसांनी लिहून दिलेल्या ठोकताळ्यांवर खेळे आणि मुरलेला हौशी खेळाडू तिला सहज हरवी.

अल्फागोच्या निर्मात्यांनी २०१७ मध्ये आपल्या सुधारित आवृत्तीची पद्धत शोधनिबंधातून मांडली; आज्ञावली मात्र स्वतःपाशीच ठेवली. मग बेल्जियमच्या जियान-कार्लो पास्कुट्टो यांनी त्याच पद्धतीने 'लीला झीरो' रचली. संगणक स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकतो, अशी ही पद्धत. त्यासाठी लागणारी प्रचंड गणनशक्ती जगभरच्या स्वयंसेवकांनी घरच्या संगणकांवरून पुरविली. डेव्हिड वू यांची काटागो २०१९ मध्ये आली. ती कोणीही विनामूल्य उतरवून घ्यावी, तिची संहिता वाचावी, हवी तशी बदलावी.

हे खुलेपणच पुढे तिच्या मुळावर आले म्हणा, किंवा उपकारक ठरले म्हणा. अमेरिकेतील संशोधकांच्या एका गटाने (पेल्रिन त्यांपैकीच एक) काटागोचे दोष हुडकण्यासाठीच दुसरी आज्ञावली घडविली. ती दहा लाखांहून अधिक डाव काटागोशी खेळली आणि एक विलक्षण युक्ती हाती लागली. पटावर आपला एक लहानसा समूह जिवंत ठेवायचा. काटागो त्याला वेढू लागते आणि तिच्या सोंगट्यांचे वर्तुळ तयार होते. मग त्या वर्तुळालाच बाहेरून सावकाश घेरायचे आणि मधूनमधून दूरच्या कोपऱ्यात चाली करीत राहायचे. फास आवळत आला तरी काटागो निश्चिंत! संकट तिच्या ध्यानात येते तेव्हा वाचण्याची वेळ टळून गेलेली असते.

मुरलेल्या माणसाला हा धोका बराच आधी दिसतो. लाखो डावांच्या सरावात असे बंद वर्तुळ क्वचितच तयार होत असल्याने ते ओळखण्यास संगणक शिकलाच नसावा, असा एक तर्क आहे. ही युक्ती लीला झीरोवरही चालली. अल्फागोमध्ये हाच दोष होता काय, हे बाहेरच्या कोणालाही तपासता येण्याजोगे नव्हते.

वू यांनी काटागोच्या सरावात अशा वर्तुळांच्या स्थिती मुद्दाम घातल्या. बचाव सुधारला. तरीही २०२४ मध्ये त्याच संशोधकांनी तीन वेगवेगळ्या बचावांची कसोटी घेतली, तेव्हा तिन्हींना भेदणारे नवे डावपेच त्यांना सापडले.