घर विकण्याची वेळ

घर विकावयाचे मनात आले की मनुष्य प्रथम भावाची चौकशी करतो. शेजाऱ्याचे किती गेले, दलाल काय म्हणतो, दोन वर्षे थांबलो तर किती चढेल, ह्यातच त्याचे दिवस जातात. माझ्या मते भाव ही सर्वांत शेवटी पाहावयाची गोष्ट आहे.

बुऱ्हाणपूरच्या जुन्या वस्तीत आमच्या वडिलांनी घेतलेले दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावर आई एकटी राहते. खाली पूर्वी माग चालत, आता ती जागा रिकामी आहे. धाकटा भाऊ पुण्यास, बहीण नाशिकला आणि मी येथेच, शाळेजवळ दोन खोल्यांत. वडील वारल्यापासून ह्या घराचे काय करावे, असा विचार आम्ही करीत आहोत. तो करताना जे कळले ते सांगतो.

पहिला प्रश्न असा की, विकणारा कोण? आम्हां ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्या दोन तृतीयांशात सर्व मुलांचे सारखे वाटे; त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. म्हणजे आमच्या घराचे नऊ भाग केले तर आईचे तीन आणि आम्हां तिघांचे दोन-दोन. हिंदू कुटुंबांतही २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. तथापि पुष्कळ घरांत बहिणीची सही ही शेवटच्या दिवशी आठवणारी बाब असते, आणि ठरलेला व्यवहार तेथेच अडतो. एकट्या वाटेकऱ्याला आपला वाटा विकता येतो हे खरे. पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे कुटुंबाच्या अविभक्त राहत्या घरात परक्या खरेदीदाराला सामाईक ताबा मागता येत नाही. असा वाटा घेण्यास शहाणे गिऱ्हाईक सहसा धजत नाही. तेव्हा सर्व वारसांची नावे कागदोपत्री लागेपर्यंत घराची विकण्याची वेळ झालेलीच नसते, भाव कितीही असो.

दुसरी गोष्ट खास आमच्या गावची आहे. तापीकाठचा शाही किल्ला, बीबीची मशीद अशी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील स्मारके गावात आहेत. १९५८ च्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीने अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास बंदी आहे, आणि त्यापुढील २०० मीटरांत आधी परवानगी काढावी लागते. ह्या पट्ट्यात घर घेणाऱ्याला ते पाडून तीन मजले चढविण्याचा बेत करता येत नाही; साहजिकच तो त्या मानाने किंमत देतो. तेथील घरमालकाने भाव चढण्याची वाट पाहण्यात अर्थ थोडा. विटा-मातीच्या घराचे तेवढ्यात दोन पावसाळे आणखी झालेले असतात, आणि प्रत्येक पावसाळा काहीतरी घेऊन जातो. आमचे घर ह्या पट्ट्याबाहेर थोडक्यात सुटले.

आता ऋतूचे. दिवाळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गिऱ्हाईक हिंडते. आमच्या धर्मात पितृपक्ष नाही, पण गिऱ्हाइकाच्या पंचांगात तो असतो, हे विसरून चालत नाही. मध्यप्रदेशात सरकारी गाईडलाईनचे दर बहुधा १ एप्रिलला बदलतात. मुद्रांक शुल्क त्या दराने किंवा ठरलेल्या किमतीने, जी रक्कम अधिक असेल तिच्यावर पडते. म्हणून मार्चअखेर रजिस्ट्रीसाठी एकच गर्दी उसळते. त्या घाईत घर देणाऱ्याने आपला कागद दोनदा वाचावा, एवढेच म्हणतो.

आणि विकून जायचे कोठे? राहते घर विकून झालेल्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावरील प्राप्तिकर वाचवावयाचा तर दोन वर्षांत दुसरे घर घ्यावे लागते, किंवा तीन वर्षांत बांधावे लागते. विकण्यापूर्वीच्या वर्षात घेतलेले घरही चालते. म्हणजे खरेदीखतावर सही झाली की मुदत सुरू झाली. पैसे बँकेत ठेवून मग विचार करू, असे म्हणणाऱ्याची दोन वर्षे पाहता पाहता संपतात.

गेल्या नाताळात भाऊ आणि बहीण आली असता मी हे सारे फळ्यावर मांडावे तसे मांडले. आई ऐकत होती. भाऊ म्हणाला, “आई, पुण्याला चल, तिथं डॉक्टर जवळ आहे.” ती म्हणाली, “मला नेणार कुठं, कुणाकडं आणि किती दिवस, ते आधी तिघांनी मिळून सांगा. माझे तीन भाग आहेत म्हणतोस ना? मग सही मी सर्वांच्या शेवटी करीन.”

त्याचे उत्तर आम्ही अद्याप दिलेले नाही. बहीण तिला आपल्याकडे नेण्यास तयार आहे, पण तिच्या घराला चौथ्या मजल्यापर्यंत जिना आहे. नावे लावण्याचा अर्ज मात्र आम्ही दिला आहे, आणि पावसापूर्वी कौले फिरविण्यास माणूस सांगितला आहे. आईने त्याला बुधवारी बोलाविले आहे.