दर भरण्याची विद्या

सिमेंट, सळई, फरशी, रंग आणि नळसाहित्य यांच्या व्यापारात आपल्या समाजातील अनेक घराणी पिढ्यान् पिढ्या आहेत. शाळेची इमारत असो वा ओढ्यावरचा पूल, त्याचा माल आपल्या गोदामातून जातो. ते काम किती रुपयांत घ्यावे, हे ठरवणारा माणूस मात्र बहुधा आपल्या घरातला नसतो. कंत्राटदाराच्या कचेरीत बसून तो निविदेचे दर काढतो. त्याचा हिशोब चुकला, तर कंत्राटदार अडचणीत येतो आणि मागोमाग आपली उधारीही अडकते. ज्यांना दुकानाच्या गादीवर बसावयाचे नाही, परंतु आकड्यांत गोडी आहे, अशा आपल्या मुलामुलींनी या व्यवसायाचा गांभीर्याने विचार करावा.

या वाटेवर आपला पूर्वसूरी आहेच. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद घरच्या व्यापाराबाहेर पडले ते रेल्वेच्या कंत्राटातून. त्यांचे भागीदार लक्ष्मणराव फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. एकाला कामाची माहिती, तर दुसऱ्याला भांडवलाची आणि बाजाराची जाण. पुढे १९२६ साली वालचंदांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आज त्यांचेच नाव धारण करून आहे. त्या भागीदारीत दोघांकडे विभागलेले ज्ञान आज निविदा तयार करणाऱ्या एकाच व्यक्तीकडे असावे लागते.

शिक्षणाचा सरळ मार्ग म्हणजे स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी. वाणिज्य शाखेच्या पदवीधरालाही येथे स्थान आहे. बयाणा रक्कम, बँक हमी, वस्तू व सेवा कर, उलाढालीचे दाखले हा निविदेचा मोठा भाग त्याच्याच विषयाचा असतो. नकाशे वाचून परिमाणे काढणे, आयएस १२०० या मानकाप्रमाणे मोजमाप मांडणे, शासकीय दरसूची समजणे आणि संगणकावर दरविश्लेषण करणे ही पायाभूत कौशल्ये होत. आपल्या सार्वजनिक बांधकाम विभागात बी-१ नमुन्यात अंदाजित रकमेवर टक्केवारीने दर द्यावा लागतो, तर बी-२ नमुन्यात प्रत्येक बाबीचा स्वतंत्र दर. ई-निविदेसाठी डिजिटल स्वाक्षरी लागते, आणि शेवटच्या दिवशी निघालेले एखादे शुद्धिपत्रक नजरेतून सुटले, तर महिन्याची मेहनत वाया जाते.

परंतु पुस्तकी ज्ञान अर्धेच. पहिली तीन-चार वर्षे प्रत्यक्ष कामावर काढावीत. खाणीपासून कामापर्यंतचे अंतर, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर माल चढवण्याची मजुरी, पायाच्या खड्ड्यात साचलेले पाणी उपसण्याचा खर्च, सणासुदीला गावी जाणारे मजूर, हे सारे उन्हातान्हात उभे राहिल्यावरच उमगते. बिल मंजूर होऊन पैसे हाती येईपर्यंतचे व्याज कोण सोसणार, हा प्रश्न मात्र व्यापाऱ्याच्या मुलाला शिकवावा लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. एम-२० प्रतीच्या, म्हणजे १ : १.५ : ३ प्रमाणाच्या एक घनमीटर काँक्रीटला सुमारे आठ पोती सिमेंट लागते. समजा, पोत्याचा भाव ३७५ रुपये; सिमेंटचे ३,००० झाले. वाळू-खडीचे २,००० आणि मजुरी, पाणी, यंत्र यांचे १,२०० धरले, तर प्रत्यक्ष खर्च ६,२०० रुपये होतो. देखरेख व नफा मिळून ८०० धरून दर ७,००० आला. आता काम मिळवण्याच्या ईर्ष्येने कोणी पंधरा टक्के खाली उतरला, तर त्याच्या हाती ५,९५० येतात. नफा दूरच, घनमीटरमागे २५० रुपयांची तूट! ती भरून काढण्याचा एक मोह समोरच उभा असतो: प्रत्येक घनमीटरमागे पोत्याचा दोन तृतीयांश भाग कमी टाकणे. गिलावा झाल्यावर तो कोणाच्या डोळ्यांना दिसणार? पण त्याच छताखाली उद्या मुले शिकणार असतात.

अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपक व्यवहार यांची गणना आहे. मापात खोट करणे आणि खऱ्याच्या जागी हलका माल देणे, असा त्यांचा अर्थ. आपण ते तराजू आणि धान्याच्या संदर्भात ऐकत आलो. पण वरच्या उदाहरणातील दोष सिमेंट कालवताना घडत नाही. तो आधीच, दर भरतानाच पेरला जातो. स्पर्धकांनी आपसांत ठरवून फुगवलेले दर भरणे हा दुसरा मोह. २००२ च्या स्पर्धा कायद्याने तो निषिद्ध आहे. कायदा नसता, तरी आपल्या दृष्टीने ती चोरीच ठरली असती.

म्हणून या व्यवसायातील सर्वांत अवघड कौशल्य म्हणजे निविदा भरू नये, हे मालकाला वेळीच सांगणे. कचेरीत सर्वांना काम हवे असते, यंत्रे रिकामी पडलेली असतात आणि प्रतिस्पर्धी खाली उतरल्याची वार्ता येते. अशा वेळी दरविश्लेषणाचा कागद पुढे ठेवून, 'याहून खाली हे काम प्रामाणिकपणे होणार नाही,' असे म्हणण्यास अनुभव आणि धैर्य दोन्ही लागते. त्या नकाराने एखादी नोकरी जाईलही. पण हिशोब खरा ठेवणारा माणूस या बाजारात फार काळ रिकामा राहत नाही.

पालकांनी एवढेच करावे. यंदाच्या सुटीत मुलाला किंवा मुलीला आपल्या ओळखीच्या विश्वासू कंत्राटदाराकडे महिनाभर पाठवावे. दिवसा कामावर मोजपट्टी धरू द्यावी आणि रात्री घरी आल्यावर दुकानाची खरेदीवही समोर ठेवून त्याच भिंतीचा दर काढावयास सांगावे. त्या आकड्यांत मन रमले, तर पुढची वाट त्यांची त्यांनाच दिसेल.