सुरतेचा राग आणि मतपेटीचा कौल

जुलै २०१७ मध्ये सुरतेच्या रिंग रोडवरील कापडबाजार दोन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिला. १ जुलैपासून देशभर लागू झालेल्या वस्तू व सेवा कराविरुद्ध, म्हणजेच जीएसटीविरुद्ध, व्यापाऱ्यांनी दुकानांना कुलुपे लावली होती. हजारोंचे मोर्चे निघाले, पोलिसांचा लाठीमारही झाला. पुढे काही दुकानदारांनी आपल्या बिलांवर ‘हमारी भूल, कमल का फूल’ असे छापून घेतले. भारतीय जनता पक्षाचा बालेकिल्ला मानल्या जाणाऱ्या शहरातील व्यापारी वर्गाने इतक्या उघडपणे नाराजी व्यक्त करावी, हे तेव्हा अनेकांना नवल वाटले. गुजरातची विधानसभा निवडणूक पाच महिन्यांवर होती.

९ डिसेंबर रोजी सुरतेत मतदान झाले आणि १८ डिसेंबरला निकाल लागला. सुरत जिल्ह्यातील १६ पैकी १५ जागा भाजपने जिंकल्या. काँग्रेसला मिळालेली मांडवी ही एकमेव जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव असून ती कापडबाजारापासून दूर आहे. व्यापारी वस्तीच्या मजुरा मतदारसंघात सत्ताधारी उमेदवाराचे मताधिक्य ८५ हजारांवर गेले.

हा राग खोटा होता काय? तो खोटा नव्हता. मात्र आर्थिक धोरणावरचा राग आणि मतदानाचा निर्णय यांच्यामध्ये बरेच काही घडत असते आणि ते समजून घेण्यासाठी सुरतेइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

रागाचे कारण

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा चलनातून बाद करण्यात आल्या. मूल्याच्या हिशेबाने देशातील सुमारे ८६ टक्के चलन एका घोषणेने निरुपयोगी झाले. सुरतेचा कापडधंदा रोख मजुरी आणि लांब मुदतीची उधारी या दोन पायांवर उभा आहे. मागावरील कामगाराचा पगार रोखीने होतो, आणि देशभरच्या दुकानदारांना गेलेल्या मालाचे पैसे काही महिन्यांनी येतात. रोकड आटताच पहिला पाय लटपटला. माग बंद पडले आणि अनेक कामगार गावी परतले. बाद झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के बँकांकडे परत आल्याचे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर केले. काळा पैसा मोठ्या प्रमाणावर नष्ट होईल, ही अपेक्षा त्यामुळे फोल ठरली. तथापि २०१७ च्या उन्हाळ्यात हा हिशेब कोणाच्याच हाती नव्हता. सोसलेल्या त्रासातून पुढे काही चांगले निघेल, असे मानणारेही पुष्कळ होते.

धंदा सावरत असतानाच जीएसटी आला. कापडावर १९५७ पासून राज्यांच्या विक्रीकराऐवजी केंद्राचे अतिरिक्त उत्पादन शुल्क होते. तेही पुढे नाममात्र उरले. परिणामी कापड व्यापाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी करखात्याचे विवरणपत्र कधी भरलेच नव्हते. नव्या व्यवस्थेत त्यांना महिन्याला तीन विवरणपत्रे संगणकावर भरणे भाग पडणार होते. कर चुकवता येणार नाही म्हणून व्यापारी ओरडत आहेत, असा आरोप त्या वेळी झाला आणि काही अंशी तो खराही असेल. परंतु संपाच्या मुळाशी असलेला मुख्य दोष कराच्या रचनेतच होता.

उलटी कररचना

सुरत हे कृत्रिम धाग्याच्या कापडाचे देशातील सर्वांत मोठे केंद्र. येथे एखादी साडी एका छताखाली तयार होत नाही. एक जण सूत विकतो, दुसरा मागावर कोरे कापड विणतो, तिसरा रंगाई-छपाई करतो, चौथा भरतकाम आणि पाचवा ते विकतो. जीएसटीत कृत्रिम धाग्यावर १८ टक्के आणि कापडावर ५ टक्के कर ठरला.

समजा, एका मागमालकाने १०० रुपयांचे सूत घेतले, तर त्याने १८ रुपये कर भरला. त्या सुतापासून विणलेले कापड त्याने १५० रुपयांना विकले, तर ग्राहकाकडून त्याला साडेसात रुपयेच कर मिळाला. उरलेले साडेदहा रुपये सरकारकडे त्याच्या नावे जमा राहिले. इतर बहुतेक मालांच्या बाबतीत अशी रक्कम परत मिळण्याची तरतूद होती. कापडाला मात्र हा परतावा नाकारण्यात आला. म्हणजे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ताग्यामागे मागमालकाचे भांडवल अडकत जाणार होते.

सुतापासून तयार कापडापर्यंतची सर्व कामे एकाच कारखान्यात करणाऱ्या मोठ्या गिरणीला ही अडचण जाणवत नव्हती, कारण तिच्या आतल्या टप्प्यांवर कर लागतच नाही. कराचा दर सर्वांना सारखाच असला, तरी त्याचा भार लहान घटकावर अधिक पडत होता. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजी येथील यंत्रमागधारकांपैकी जे कृत्रिम धागा वापरतात, त्यांच्यापुढेही हेच गणित होते. एकच सुधारणा घाईने आणि सर्व धंद्यांना एकाच मापाने लागू करण्यातली जोखीम ती हीच. सुधारणेचा हेतू योग्य असला, तरी रचनेतील चुकीची किंमत ज्याच्याकडे साठवण कमी त्याला आधी मोजावी लागते.

निवडणुकीपूर्वीची दुरुस्ती

सरकारने हा राग ऐकला नाही, असे म्हणता येणार नाही. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी जीएसटी परिषदेने कृत्रिम सुतावरील कर १८ वरून १२ टक्क्यांवर आणला. दीड कोटी रुपयांपर्यंतची उलाढाल असलेल्यांना दरमहाऐवजी तिमाही विवरणपत्राची सवलत मिळाली. निवडणूक आयोगाने गुजरातच्या तारखा जाहीर केल्या त्या २५ ऑक्टोबरला. १० नोव्हेंबरला गुवाहाटीच्या बैठकीत १७८ वस्तूंवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर उतरवण्यात आला.

विरोधकांनीही सुरतेकडे लक्ष वळवले. राहुल गांधी यांनी जीएसटीला ‘गब्बरसिंग टॅक्स’ म्हटले आणि नोटाबंदीच्या पहिल्या वार्षिक दिनी ते सुरतेत होते. २ डिसेंबरला माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी शहरात येऊन व्यापाऱ्यांशी संवाद साधला. ‘विकास गांडो थयो छे’ ही घोषणा राज्यभर गाजत होती. तरीही सुरतेतील व्यापाऱ्याने सत्तापालटाच्या बाजूने मत दिले नाही.

राग मतात का उतरला नाही?

पहिले कारण पर्यायाचा अभाव. गुजरातेत काँग्रेसने १९९५ मध्ये सत्ता गमावली. मोरारजी देसाईंनी अनेक वर्षे प्रतिनिधित्व केलेला सुरत लोकसभा मतदारसंघ १९८९ पासून भाजपकडे आहे. इतक्या दीर्घ काळात विरोधी पक्षाची शहरातील वॉर्डनिहाय यंत्रणा विरत जाते. सभेला गर्दी जमते, पण त्या गर्दीला मतदान केंद्रापर्यंत नेणारा कार्यकर्ता उरत नाही.

दुसरे कारण व्यवहाराचे. व्यापाऱ्याचे सरकारशी नाते पाच वर्षांतून एकदा येत नाही. परवाने, वीज, पाणी, सांडपाण्याचे नियम, पोलीस बंदोबस्त यांसाठी ते रोजचे असते. जिंकण्याची शक्यता ज्याची जास्त, त्याच्याशी कायमचे वैर तो टाळतो. बाजार बंद ठेवणे हा त्याच्या दृष्टीने वाटाघाटीचा भाग होता, त्यात फारकतीचा हेतू नव्हता. घरच्या माणसाशी भांडावे तसे हे भांडण होते. पंतप्रधान गुजरातचे आहेत, ही भावनाही त्या नात्यात मिसळलेली होती.

तिसरे कारण बहुधा सर्वांत महत्त्वाचे आहे. नोटाबंदी आणि जीएसटीची सर्वाधिक झळ ज्यांना बसली, त्यांतील मोठा वर्ग सुरतेचा मतदारच नाही. ओडिशातील गंजाम, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले माग-कामगार भाड्याच्या खोल्यांत पाळीपाळीने राहतात. मतदार यादीतील त्यांचे नाव गावी असते. मजुरी थांबली की ते रेल्वेने घरी जातात आणि त्यांच्यासोबत त्यांची नाराजीही शहराबाहेर जाते.

मराठी भाषक याला काहीसे अपवाद ठरतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाने आलेली अहिराणी बोलणारी कुटुंबे लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत स्थिरावली, घरे केली आणि मतदारही झाली. लिंबायतच्या आमदार संगीता पाटील आणि नवसारीचे खासदार सी. आर. पाटील हे याच समाजाचे राजकीय बळ दाखवतात. जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या सी. आर. पाटील यांचे २०१९ मधील ६ लाख ८९ हजारांचे मताधिक्य त्या निवडणुकीत देशात सर्वाधिक होते. ज्याचे नाव यादीत आहे, त्याचीच दखल राजकारण घेते, हे या दोन श्रमिक समूहांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

राग व्यर्थ गेला का?

२०१७ चा निकाल संपूर्ण राज्यात पाहिला, तर चित्र वेगळे दिसते. भाजपच्या जागा ११५ वरून ९९ वर आल्या आणि काँग्रेस ६१ वरून ७७ वर गेली. कापूस आणि भुईमुगाच्या भावाने गांजलेल्या सौराष्ट्र-कच्छमध्ये ५४ पैकी ३० जागा काँग्रेसने जिंकल्या. साडेपाच लाख मतदारांनी ‘यांपैकी कोणीही नाही’ हे बटण दाबले. शेतकऱ्याचा राग मतात उतरला. शहरी व्यापाऱ्याचा मात्र सवलतींत जिरला.

या निकालाकडे गोव्यातील वाचक आपल्या अनुभवातूनही पाहू शकतात. नोटाबंदीनंतर तीन महिन्यांच्या आत, ४ फेब्रुवारी २०१७ रोजी, गोव्याने मतदान केले. भाजप २१ वरून १३ जागांवर घसरला आणि तत्कालीन मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर स्वतः मांद्रेत पराभूत झाले. परंतु तेथे शिक्षणाच्या माध्यमाचा वाद आणि मगो पक्षाशी तुटलेली युती हे स्थानिक मुद्दे प्रबळ होते. त्याच मोसमात उत्तर प्रदेशात भाजपने ४०३ पैकी ३१२ जागा जिंकल्या. एकाच आर्थिक निर्णयाचा राजकीय अर्थ राज्यागणिक वेगळा निघतो, तो असा.

सुरतेतील पुढील घटनाक्रमही याच दिशेचा आहे. कापडावरील अडकलेल्या कराचा परतावा जुलै २०१८ मध्ये मान्य झाला. मात्र आधीची शिल्लक बुडीत ठरवण्यात आली होती. ती तरतूद २०१९ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने रद्दबातल केली. १ जानेवारी २०२२ पासून कापडावरील कर ५ वरून १२ टक्के करण्याचा निर्णय झाला, तेव्हा बाजार पुन्हा पेटला आणि अंमलबजावणीच्या आदल्या दिवशी परिषदेने तो स्थगित केला. गोव्यासह पाच राज्यांच्या निवडणुका तोंडावर होत्या. अखेर २२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम तंतू १८ वरून आणि सूत १२ वरून ५ टक्क्यांवर आले. जे मागणे २०१७ च्या संपात मांडले गेले, ते पूर्ण व्हायला आठ वर्षे लागली. तोवर जे लहान मागमालक माग भंगारात विकून मोकळे झाले, त्यांना या दुरुस्तीचा उपयोग नाही.

मताशिवाय राग

सुरतेला करविरोधी आंदोलने नवी नाहीत. १६६९ मध्ये अधिकाऱ्यांच्या जाचाला कंटाळून हजारो बनिया व्यापारी भडोचला निघून गेले आणि अभय मिळाल्यावरच परतले. १८४४ मध्ये मिठावरील कर वाढताच शहरात उद्रेक झाला आणि कंपनी सरकारला माघार घ्यावी लागली. तेव्हा लोकांच्या हाती मत नव्हते, होता तो बाजार बंद करण्याचा अधिकार.

आज मत हाती आहे, पण ते किती धारदार राहिले आहे, हा प्रश्न सुरतेत गंभीर झाला आहे. २०२२ मध्ये जिल्ह्यातील सर्व १६ जागा सत्ताधारी पक्षाने जिंकल्या. एप्रिल २०२४ मध्ये काँग्रेस उमेदवाराचा अर्ज बाद झाला, उर्वरित उमेदवारांनी माघार घेतली आणि सुरतेचा खासदार मतदानाविनाच निवडून आला. रागावलेल्या, समाधानी किंवा उदासीन अशा कोणत्याही मतदाराला त्या वेळी केंद्रावर जाण्याचे कारणच उरले नाही.

सरकार उलथले नाही म्हणजे जनता धोरणावर खूश आहे, असा अर्थ राज्यकर्ते काढतात. व्यापारी रागावले म्हणजे सरकार जाणार, असा अर्थ विरोधक काढतात. सुरतेने दोघांनाही चुकीचे ठरवले. येथील रागाने सरकार बदलले नाही, पण करांचे दर बदलले, तेही बहुतेक वेळा निवडणुकीच्या तोंडावर. पराभवाची थोडीतरी भीती असेल, तोवरच ही देवघेव चालते. ती भीती संपली, तर चुकीची दुरुस्ती कोणत्या मुहूर्तावर होईल, हे ठरवणे सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर राहील, आणि तोवर माग चालू ठेवण्याची ऐपत सर्वांचीच नसते.