आईची त्वचा, घरातली डबी

पावसाळा सरला की पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीच्या किनाऱ्यावर बांबू उभे राहतात आणि त्यांना ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील जोडीजोडीने लटकू लागतात. काम बायकांचं आणि भर उन्हातलं, कारण सावलीत बोंबील वाळत नाही. त्यात एखादीच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग असतात, शेजारी उभ्या असलेल्या लेकीच्या गालांवरही तशीच तपकिरी छटा उमटू लागलेली असते. बघणाऱ्यांचं निदान तयार असतं: आईवर गेलीय.

निदान अर्धं बरोबर आहे. वांग घराण्यात चालत येतो, गरोदरपण आणि संप्रेरकं त्यात भर घालतात. पण आईकडून लेकीकडे नुसतं रक्त जात नाही. तोच किनारा, तीच दुपार, तोच साबण आणि फळीवरची तीच मलमाची डबीही जाते. जनुकं कुठं संपली आणि घर कुठं सुरू झालं, हे नुसत्या चेहऱ्यावरून कसं ओळखायचं?

त्यासाठी संशोधक जुळ्यांकडे वळले. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत जुळतात, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांची साधारण निम्मी. या दोन प्रकारच्या जोड्या ताडून पाहिल्या की वारशाचा वाटा काढता येतो. ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुळ्या बहिणींच्या दीड हजारांहून अधिक जोड्या तपासल्या गेल्या. मुरमांच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला ८१ टक्के जनुकांमुळे असल्याचं निघालं. डेन्मार्कमधल्या जुळ्या बहिणींवरच्या २००९ च्या अभ्यासात सुरकुत्यांसाठी हा आकडा ५५ टक्के आला, वयाबरोबर येणाऱ्या काळ्या डागांसाठी तर ४१ टक्केच.

म्हणजे ‘त्वचा’ या एका शब्दात वेगवेगळी प्रकरणं आहेत आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा. ८१ टक्क्यांचा अर्थही जपून घ्यायला हवा. प्रत्येक पुटकुळीतला ८१ टक्के भाग आजोबांचा, असं काही नसतं. आकडा सांगतो तो त्या देशातल्या, त्या राहणीतल्या बायकांमधल्या फरकाबद्दल. राहणी बदलली की तोही हलतो. ऑस्ट्रेलियात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मुरमं असलेल्या तरुण मुलांना १२ आठवडे रक्तातली साखर झपाट्याने न वाढवणारा आहार दिला, तर त्यांची मुरमं नेहमीचं खाणाऱ्या मुलांपेक्षा जास्त कमी झाली. जनुकं तीच होती, ताट बदललं होतं.

ऊन काय करतं याचा सगळ्यात बोलका पुरावा मात्र एका ट्रकचालकाच्या चेहऱ्यावर सापडला. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने ६९ वर्षांच्या एका अमेरिकी चालकाचं छायाचित्र छापलं. २८ वर्षं त्याने मालाचा ट्रक चालवला होता. खिडकीकडचा डावा गाल जाडसर, खोल सुरकुत्यांचा झालेला आणि उजवा त्या मानाने कितीतरी तरुण. एकच माणूस, एकच जनुकसंच, दोन वयं! त्वचा भाजणारे ‘यूव्हीबी’ किरण खिडकीची काच अडवते, पण खोलवर जाऊन त्वचेचा ताण सैल करणारे ‘यूव्हीए’ आत सोडते. तारापूर एमआयडीसीतून माल भरून चिल्हारमार्गे मुंबई–अहमदाबाद महामार्गाला लागणाऱ्या चालकाची खिडकी उजवीकडे असते. त्यामुळे आपल्याकडे झीज बघायची तर उजव्या गालावर.

आणि पालघरचं ऊन म्हणजे काही साधंसुधं नाही. हा पट्टा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला येतो. मे महिन्याच्या मध्यानंतर एका दुपारी इथे सूर्य थेट माथ्यावर येतो आणि सावली पायाखाली गडप होते. सावळ्या त्वचेला मेलॅनिनचं छत्र असतं, म्हणून सुरकुत्या उशिरा येतात. पण तेच मेलॅनिन चिथावलं गेलं की डाग आधी येतात. शिवाय इथल्या हवेचंही आहेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या एकूण प्रदूषणाच्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात पहिलं आलं होतं. असला पहिला नंबर कोणाला हवा असतो? जर्मनीत ४०० वृद्ध महिलांवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, काजळी आणि रहदारीचा धूर जास्त असलेल्या ठिकाणी राहणाऱ्यांच्या कपाळा-गालांवर डाग जास्त आढळले होते.

मग उपाय? ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावात ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर साडेचार वर्षं प्रयोग चालला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा मर्जीनुसार लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी वयस्कर झाली. वांगाला मात्र दिसणारा प्रकाशही पुरतो, त्यामुळे त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन जास्त उपयोगी. घामाने निथळत बोंबील लटकवणाऱ्या बाईने दर दोन तासांनी ट्यूब उघडावी, हा सल्ला मात्र वातानुकूलित खोलीतून देणं सोपं आहे. तिच्यासाठी रुंद काठाची टोपी आणि डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर जास्त कामाचा. बोईसरच्या रस्त्यांवर स्कूटीवरच्या मुली डोळे सोडून सगळं तोंड ओढणीत गुंडाळतात, त्यांची टिंगल करणाऱ्यांनी त्या अमेरिकी चालकाचा फोटो एकदा पाहावा.

एवढं करूनही आपल्याकडे ‘चांगली त्वचा’ म्हणताना मनात असतो तो रंग. त्यात जनुकांचा वाटा मोठा आहे. गोऱ्या रंगाशी जोडलेला ‘एसएलसी२४ए५’ जनुकाचा प्रकार युरोपात आणि आपल्याकडे एकाच मुळातून आल्याचं २०१३ साली हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या संशोधनाने दाखवलं. गोरेपणाची एक प्रसिद्ध क्रीम १९७५ साली बाजारात आली आणि २०२० मध्ये तिच्या नावातून ‘फेअर’ गळलं. हाव मात्र राहिली, आणि तिच्यामागून स्टेरॉइडची मलमं घरात शिरली. १२ केंद्रांवरच्या भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी चेहऱ्याच्या तक्रारींचे २,९२६ रुग्ण पाहिले, त्यांतले ४३३ जण असली मलमं लावत होते. सुरुवातीला चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाली येते, लव वाढते, आणि मलम थांबवलं की सगळं दुपटीने उसळतं.

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची एक बातमी आली. एक तरुणी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या मूत्रपिंडांना एकापाठोपाठ इजा झालेली. एकाच घरात तिघी म्हटल्यावर कुणीही आनुवंशिक दोषाचा संशय घेतला असता. डॉक्टरांनी तिघी काय वापरतात याची चौकशी केली. तिघींची क्रीम एकच निघाली. ती मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासली, तर आत पारा सापडला. सौंदर्यप्रसाधनात चुकून राहिलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. या क्रीममध्ये तो त्याच्या कित्येक पट होता.