घटस्फोटाआधी पैसे हलवू नका, कागद गोळा करा

घटस्फोटाचा विचार पक्का झाला की पहिला सल्ला येतो तो मित्रमैत्रिणींकडून. "आधी जॉइंट खात्यातले पैसे काढ, आईच्या खात्यात पाठव, मग बघू." अमेरिकेत राहणाऱ्यांच्या हा सल्ला हमखास अंगाशी येतो. कॅलिफोर्नियाचंच घ्या. तिथे दोघांनाही आपली मालमत्ता आणि कर्जं शपथेवर जाहीर करावी लागतात, आणि बँकेची जुनी स्टेटमेंट मागवता येतात. अर्जाच्या आदल्याच महिन्यात पुण्याला गेलेली मोठी रक्कम त्यात लपत नाही. शिवाय अर्ज दाखल होताच अर्जदारावर आपोआप मनाई लागू होते: रोजचा घरखर्च आणि वकिलाची फी वगैरे सोडलं तर मालमत्ता हलवायची नाही, विम्यावरचं नाव बदलायचं नाही. समोरच्यावर तीच मनाई समन्स बजावल्यावर लागू होते.

मग तयारी कसली करायची? तर पैसा कुठे आहे हे समजून घ्यायची. आपल्याकडे कितीतरी घरांत एकजण 'हिशेब बघतो' आणि दुसरा फक्त सही करतो. पीएचडीवाल्यांच्या घरातही, बरं का.

सुरुवात टॅक्स रिटर्नपासून करा. जॉइंट रिटर्नवर तुमचीही सही असते, त्यामुळे थकबाकी निघाली तर आयआरएस तुम्हालाही धरू शकतं. पण त्याचीच दुसरी बाजू अशी, की त्या रिटर्नची प्रत तुम्ही एकट्याने मागवू शकता. जोडीदाराची परवानगी लागत नाही. मागची तीन-चार वर्षं नीट वाचा. कुठल्या बँकेचं व्याज आलं, कुठून लाभांश आला, भारतातल्या फ्लॅटचं भाडं दाखवलंय का. परदेशी खात्यांची एकत्र शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार भरावा लागतो, आणि त्यात बँकेचं नाव, खाते क्रमांक, सर्वाधिक शिल्लक असं सगळं असतं. 'भारतात काही नाहीये गं' या वाक्याला याहून चांगलं उत्तर नाही.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे जोडीदाराचं ४०१-के. खातं त्याच्या किंवा तिच्या नावावर असलं, तरी लग्नाच्या काळात त्यात पडलेला पैसा कॅलिफोर्नियात दोघांचा, निम्मा-निम्मा. न्यू जर्सीत निकष 'न्याय्य' वाटणीचा आहे, तो निम्माच असेल असं नाही. वाटणीसाठी कोर्टाचा एक वेगळा आदेश लागतो, त्याला 'क्वाड्रो' म्हणतात. त्यातून तुमच्याकडे आलेल्या पैशावर मुदतीआधी काढल्याचा १० टक्के दंडही बसत नाही. लग्नाच्या सुमाराचं आणि आत्ताचं, अशी दोन्ही स्टेटमेंट मिळवा. कंपनीने कबूल केलेले पण अजून हातात न आलेले शेअरही विसरू नका.

स्वतःच्या नावावर एक खातं उघडा, त्यात तीन-चार महिन्यांचा खर्च साठवा. यात लपवाछपवी नाही. तेही जाहीर करायचंच आहे. कागद अशा ईमेलवर ठेवा जिचा पासवर्ड घरात कुणाला माहीत नाही. फॅमिली प्लॅनच्या फोनवरून वकिलाला फोन केलात तर नंबर बिलाच्या यादीत दिसू शकतो, हेही लक्षात असू द्या.

आता तारखा. तुम्ही एच-४ वर असाल तर अंतिम हुकूम निघाला की त्या व्हिसाचा आधारच जातो. म्हणून कौटुंबिक वकिलाच्याही आधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा. जोडीदाराच्या नोकरीतून मिळणारा आरोग्य विमाही संपतो. कंपनीत २० किंवा जास्त माणसं असतील तर 'कोब्रा'खाली तो ३६ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो, पण संपूर्ण हप्ता आणि वर २ टक्के तुमच्या खिशातून. आकडा आधीच विचारून ठेवा, डोळे पांढरे होतात. आणि लग्नाला नऊ वर्षं आठ महिने झाले असतील तर घाई करू नका: लग्न १० वर्षं टिकलेलं असेल तर पुढे ठरावीक अटींवर जोडीदाराच्या नोंदीवर सोशल सिक्युरिटी मागता येते.

राहता राहिलं भारतातलं सोनं आणि घर. स्त्रीधन ही बाईची पूर्ण स्वतःची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलंय. दागिने सासरच्या लॉकरमध्ये असले म्हणून ते सासरचे होत नाहीत. पण कुठला दागिना कुणी दिला हे दाखवावं लागतं, तेव्हा लग्नाचे फोटो आणि सराफाच्या पावत्या आत्ताच शोधायला घ्या.

फ्लॅट असेल तर गुंता मोठा. १९९१ च्या नरसिंह राव खटल्यातल्या निकालानुसार, हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर दिलेला परदेशी घटस्फोट भारतात एरवी मान्य होत नाही. दुसऱ्या पक्षाने स्वेच्छेने तिथल्या कोर्टापुढे येऊन संमती दिली असेल तर गोष्ट वेगळी. आणि 'आमचं पटत नाही', हे कॅलिफोर्नियातलं नेहमीचं कारण, त्या कायद्यात नाही. म्हणजे इथे तुम्ही मोकळे, तिथे कागदावर अजून नवरा-बायको, आणि फ्लॅट दोघांच्या नावावर अडकलेला. भारतातल्या वकिलाशी बोलायचं ते अर्ज टाकायच्या आधीच.