गावाच्या पाण्याचा जमाखर्च

ग्रामपंचायतीचे वर्षाचे काम म्हटले म्हणजे करवसुली, दिवाबत्ती, रस्ते आणि जन्ममृत्यूच्या नोंदी एवढेच सामान्यतः डोळ्यांपुढे येते. परंतु २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपविता येतील असे २९ विषय अकराव्या अनुसूचीत नमूद केले आहेत. पिण्याचे पाणी, लघुपाटबंधारे आणि पाणलोट क्षेत्राचा विकास हे त्यांपैकीच होत. पैशाप्रमाणे पाण्याचाही हिशेब ठेवणारी पंचायत वर्षभर काय करते, ते येथे पाहू.

पैशाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते, तर पाण्याचे वर्ष देशाच्या बहुतेक भागांत जूनमध्ये, मोसमी पावसाबरोबर सुरू होते. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. तेथे हिशेबाचे महिनेही त्यानुसार बदलावे लागतात.

जमेची बाजू

पावसाळ्यातील पहिले काम मोजणीचे. उघड्या जागी पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजतात. १ हेक्टर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १०,००० लिटर पाणी मिळते. उदाहरणादाखल १,००० हेक्टर क्षेत्राचे व १,००० वस्तीचे गाव घेऊ. तेथे वर्षात ४०० मिलिमीटर पाऊस झाल्यास एकूण जमा ४०० कोटी लिटर होईल.

हे सर्व पाणी गावाच्या हाती मात्र राहत नाही. काहीची वाफ होते, काही खरिपाची पिके पितात, काही ओढ्यावाटे वाहून जाते. जमिनीत मुरून विहिरींना मिळणारा भाग खडकावर अवलंबून असतो. भूजलाच्या अंदाजासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमाणानुसार, गंगेच्या गाळाच्या मैदानात पावसाचा शेकडा २२ भाग मुरतो असे धरतात; झिजलेल्या बेसाल्ट खडकात तो शेकडा ७ च धरतात. आपले गाव बेसाल्टवरील असेल, तर ४०० कोटींपैकी २८ कोटी लिटर तेवढे भूगर्भात जमा होतील. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर विहिरींतील पाण्याची पातळी मोजून या अंदाजाचा पडताळा घेतात.

खर्चाची बाजू

माणशी रोज ५५ लिटर याप्रमाणे १,००० माणसांना वर्षाला सुमारे २ कोटी लिटर पाणी लागते. गुरांसाठी आणखी १ कोटी धरू. उरले २५ कोटी. १ हेक्टर गव्हाला ४०० मिलिमीटर पाणी द्यावयाचे, म्हणजे ४० लक्ष लिटर झाले. अर्थात ५ हेक्टर गहू साऱ्या गावाच्या वर्षभराच्या वापराएवढे पाणी पितो. उसाला निदान १,५०० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी दीड कोटी लिटर पाणी लागते. केवळ १७ हेक्टर उसात ही सारी शिल्लक संपून जाईल. उन्हाळ्यात विहीर कोरडी पडते ती घागरींनी नव्हे, हे या आकड्यांवरून ध्यानात येईल.

ग्रामसभेचा निर्णय

म्हणून पावसाळा संपताच, रब्बीची पेरणी होण्यापूर्वी, हा हिशेब ग्रामसभेपुढे मांडणे अत्यंत आवश्यक असते. पेरणी झाल्यावर मांडलेल्या हिशेबाचा उपयोग नाही. प्रथम पिण्याचे पाणी, नंतर गुरे आणि मग पिके असा क्रम ठरवून, कोणते पीक किती क्षेत्रात घ्यावे हे सभा सुचविते. येथेच खरी अडचण उभी राहते. विहिरीचे पाणी जमीनमालकाचे, अशी आपल्याकडील कायद्याची जुनी धारणा आहे. पण जमिनीखालचे पाणी बांध ओळखत नाही. एकाने खोल उपसा केला, की शेजाऱ्याची विहीर आटते. सर्वांच्या संमतीवाचून हा निर्णय टिकत नाही.

अशी संमती मिळू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातील हिवरे बाजार या अवर्षणप्रवण गावाने घालून दिले. १९९४ मध्ये आदर्श गाव योजनेत सामील झालेल्या या गावाने डोंगरउतारावर समतल चर खोदले, सिंचनासाठी विंधन विहिरी घेण्यास आणि ऊस व केळी लावण्यास बंदी केली. पाण्याच्या ताळेबंदावरून तेथे पिकांचे नियोजन होते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेने सात राज्यांतील निवडक ग्रामपंचायतींत असाच ताळेबंद मांडण्याची पद्धत नेली.

हिवाळा व उन्हाळा

पुढील महिने श्रमाचे असतात. पावसाळ्यापूर्वी बंधाऱ्यांतील गाळ काढणे, फुटलेले बांध दुरुस्त करणे, चर मोकळे करणे ही कामे उरकावी लागतात. कारण मुरणाऱ्या पाण्याचे प्रमाण शेकडा १ ने जरी वाढले, तरी आपल्या उदाहरणातील गावाला ४ कोटी लिटर, म्हणजे माणसांच्या दोन वर्षांच्या वापराइतके पाणी अधिक मिळते.

यासाठी लागणारे गणित प्राथमिक शाळेतील गुणाकार-भागाकाराच्या पलीकडचे नाही. गावाचे क्षेत्र, पाऊस, वस्ती आणि पिकांखालील जमीन हे चार आकडे मिळविले, तर कोणत्याही शाळेतील विद्यार्थ्यांना आपल्या गावाचा असा ताळेबंद मांडून तो ग्रामसभेपुढे ठेवता येईल.